रानातला चकवा

लातूरहून एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. त्या लिहितात : ‘आमच्या घरी सासूबाई रात्री नातवंडांना रानातल्या गोष्टी सांगतात. चकवा, आग्या वेताळ, पांढऱ्या लुगड्यातील बाई हे त्यांचे ठरलेले विषय. थोरला मुलगा नऊ वर्षांचा आहे. वीज गेली की तो माजघरातून स्वयंपाकघरापर्यंतही एकटा जात नाही. यजमान म्हणतात, ह्या गोष्टी आजपासून बंद. सासूबाई म्हणतात, आम्ही ह्याच गोष्टींवर वाढलो आणि कोणाचे काही बिघडले नाही. आपण ह्या सदरातून रानात स्वावलंबनाने राहण्याची विद्या सांगत असता. तर ह्या गोष्टी त्या विद्येत बसतात किंवा नाही, हे कृपया सांगावे.’

पत्र वाचून मी ते आठ दिवस बाजूला ठेविले. सासू आणि पुत्र यांच्या वादात परक्याने पडू नये, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खरे आहे. ह्याच प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी एकदा दिले होते. ते भर वर्गात दिले होते, आणि चुकीचे दिले होते.

ही गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हा किनवट तालुक्यातील एका लहानशा शाळेत शिक्षक होतो. ज्यांनी मराठवाडा म्हणजे काळी माती, ज्वारी आणि उघडा माळ एवढेच पाहिले आहे, त्यांना किनवट पाहून नवल वाटेल. हा भाग पूर्वी निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडास जोडला गेला. एका अंगास माहूरचा डोंगर आणि रेणुकामाता, दुसऱ्या अंगास इस्लापूरजवळचा सहस्रकुंडाचा धबधबा, आणि वळणे घेत जाणारी पैनगंगा. मध्ये सागाचे रान. त्यात ऐन, धावडा, मोह, टेंभुर्णी, चारोळी, बिब्बा. मुदखेडहून मीटरगेजची गाडी रमतगमत येई. स्टेशनावर उतरले की मोहाच्या दिवसांत त्या फुलांचा जड, गोड वास आधी भेटे, माणसे मागून भेटत. रानात गोंड, कोलाम, आंध यांची वस्ती. कोलामांच्या वस्तीस ‘पोड’ म्हणतात. कोलामी ही त्यांची स्वतंत्र भाषा असून ती द्राविड कुळातील आहे. शाळेत येणारे कोलाम मूल मराठी शिकते तेव्हा ते दुसरी भाषा शिकत असते. ही साधी गोष्ट मला त्या वेळी उमगलेली नव्हती.

सहावीच्या वर्गात निबंधाचा विषय दिला होता, ‘माझा प्रवास’. एका कोलाम मुलाने लिहिले की, त्याच्या आजोबांस रानात चकवा लागला व ते रात्रभर एकाच वारुळाभोवती फिरत राहिले. मी तरुण होतो. संस्कृताचे चार ग्रंथ वाचलेले होते, आणि विज्ञाननिष्ठेचा नवा उत्साह अंगात होता. मी तो निबंध मोठ्याने वाचून दाखविला. मुलास बाकावर उभे करून विचारले, ‘चकव्यास शिंगे किती असतात?’ वर्ग खदखदून हसला. मुलगा हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

दोन आठवडे वाट पाहून एका शनिवारी दुपारी मी त्याच्या पोडावर गेलो. मार्गशीर्षातील कृष्ण षष्ठी होती. बापाने खाटले टाकले, आईने भाकर पुढे केली. ‘जेवण झाले आहे’ असे मी खोटेच सांगितले. का सांगितले, हे ह्या मासिकाच्या वाचकांस फोडून सांगण्याची गरज नाही. बोलणे लांबले. मुलगा कुडाच्या आड उभा राहून ऐकत होता. अखेर बाप म्हणाला, ‘सोमवारी येईल. आता रात्र इथेच काढा, गुरुजी. आभाळ आले आहे, आणि मधल्या माळाला चकवा आहे.’ मी हसलो. तेव्हा त्याने मुलास माझ्याबरोबर सडकेपर्यंत पोचवावयास दिले, आणि आईने मुलाच्या हाती एक फडके बांधून दिले.

मुलगा नेहमीच्या वाटेने नेत होता. ती वाट नाल्याच्या कडेकडेने वळसा घेई. मला घाई होती. ‘सरळ गेलो तर अर्ध्या वेळात सडक लागेल,’ असे मी म्हणालो. मुलाने एकदाच मान हलविली. परंतु गुरुजींपुढे दुसऱ्यांदा नाही म्हणण्याची त्याची छाती नव्हती. ती मीच बाकावर उभे करून काढून घेतली होती.

अंधार पडला. आभाळ भरलेले, एक तारा दिसेना. माझ्या हातातील विजेरी मंद होत होती. अर्ध्या तासाने एक पडलेले झाड आणि त्यापाशी वारूळ लागले. पुढे गेलो. बऱ्याच वेळाने पुन्हा पडलेले झाड आणि वारूळ. मी मनात म्हटले, रानात अशी झाडे पुष्कळ असतात. तिसऱ्या वेळी मात्र वारुळाच्या पायथ्याशी माझ्याच वहाणेची खूण दिसली. दूर कोल्ही ओरडली आणि एकदम थांबली. मी मुलास रागावलो, पावले भराभर टाकू लागलो, आणि एका उतारावरून पाय निसटला. झुडुपास धरले म्हणून वाचलो. विजेरी मात्र खाली गेली. तिचा दगडावर आपटल्याचा आवाज येण्यास जो वेळ लागला, तो माझ्या अजून लक्षात आहे.

तेव्हा तो बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, बसा आता. आजा सांगतो, चकवा लागला की चालू नये. वहाणा काढायच्या, उलट्या करून ठेवायच्या, आणि चांद निघेतोवर जागचे हलायचे नाही.’

मी बसलो. वहाणा काढून उलट्या ठेविल्या. श्रद्धेने ठेविल्या असे म्हणवत नाही. दुसरे काही सुचत नव्हते म्हणून ठेविल्या. मुलाने पायाने पाचोळा बाजूस सारून हातभर रुंदीची मोकळी जागा केली. जमिनीवरील लाकडांस त्याने हात लाविला नाही. ‘ती ओल धरतात’ म्हणाला. अंधारात चाचपून झाडावरच वाळलेल्या, कटकन मोडणाऱ्या बारीक काटक्या त्याने आणिल्या. आगपेटीत तीन काड्या होत्या; त्याला एकच लागली. मग त्याने फडके सोडिले. आत दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. पोडावर नाकारलेली भाकर मी रानात खाल्ली.

दहाचा सुमार उलटून गेल्यावर पूर्वेकडे ढग फाटले आणि चंद्र वर आला. मी सहज मान वळविली, आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. पन्नास पावलांवर पांढरीशुभ्र, दोन्ही हात वर केलेली, केस मोकळे सोडलेली एक आकृती उभी होती. माझे हातपाय गार पडले. मुलाने तिकडे पाहिले आणि त्या रात्रीत तो प्रथमच हसला. ‘गुरुजी, कांडोळ आहे ते! आमचे डिंकाचे झाड. बाप त्याला चिरा पाडतो. इथून सडक जवळ आहे.’

चकव्यास भिणारा मुलगा भुतास भ्याला नाही; चकव्यास न भिणारे गुरुजी मात्र एका झाडास पाहून ओरडले.

कांडोळ हा वृक्ष मराठवाड्यात व विदर्भात खडकाळ, कोरड्या उतारांवर आढळतो. वनस्पतिशास्त्रात त्यास ‘स्टर्क्युलिया युरेन्स’ म्हणतात. त्याची साल गुळगुळीत व फिकट पांढरी असून तिचे कागदासारखे पापुद्रे निघतात. हिवाळ्यात पाने गळून जातात व सारा उन्हाळा झाड जवळजवळ उघडे असते. म्हणून चांदण्यात ते सर्वांत आधी डोळ्यांत भरते. इंग्रजीतही त्यास भुताचे झाड असेच नाव पडले आहे. म्हणजे दचकणारा मी एकटा नव्हे. त्याच्या फळांवर बारीक खाजरे काटे असतात, परंतु आतील बिया भाजून खातात. आणि सालीतून पाझरणारा डिंक ‘कराया’ नावाने औषधांत व खाद्यपदार्थांत वापरिला जातो. त्या डिंकावर कित्येक आदिवासी कुटुंबांची मीठमिरची चालत आली आहे.

आता चकव्याविषयी. माणूस रानात गोल फिरतो, ही केवळ आजीबाईची कथा नाही. २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी काही माणसांस तेथील एका मोठ्या अरण्यात व सहारा वाळवंटात सरळ चालावयास सांगितले, आणि उपग्रहांवरून दिशा टिपणारे यंत्र त्यांच्याजवळ देऊन प्रत्येकाचा मार्ग आखला. सूर्य दिसत होता तोवर माणसे जवळजवळ सरळ चालली. आभाळ भरलेल्या दिवशी अरण्यात चालणारे मात्र वर्तुळे काढीत आपल्याच वाटेवर परत आले, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. वाळवंटात रात्री चालणारा मनुष्यही चंद्र असेतो नीट चालला. चंद्र ढगाआड जाताच वळू लागला. डोळे बांधलेली माणसे तर पुष्कळदा फारच लहान वर्तुळांत फिरली. कारण असे की, दूरची एखादी स्थिर खूण नसली म्हणजे ‘सरळ’ म्हणजे काय, ह्याविषयीचा आपला अंदाज पावलागणिक थोडाथोडा ढळतो, आणि ढळत ढळत वाट वर्तुळ होते.

आता त्या आजोबांचा उपाय ह्यापुढे ठेवून पाहावा. चालू नका, चंद्र उगवेतो बसा. म्हणजे स्थिर खूण मिळेपर्यंत थांबा. आणि वहाणा उलट्या ठेवणे? त्यात दैवी सामर्थ्य काही नसेल. परंतु घाबरलेल्या माणसास नुसते ‘बस’ म्हटल्याने तो बसत नाही. त्याच्या हातास काही काम द्यावे लागते, आणि पायांतील वहाण काढली म्हणजे पाय आपोआप थांबतात. जी गोष्ट शास्त्रज्ञांनी यंत्रे लावून मोजली, तिच्यावरचा उतारा एका अक्षरशून्य म्हाताऱ्याने आपल्या नातवास गोष्टीच्या पुडीत बांधून दिला होता. मी पुडी फेकून दिली आणि औषधही त्याबरोबर गेले.

आमच्या पूर्वजांस हे ठाऊक नव्हते असे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १४६ वे सूक्त अरण्यानीचे आहे. ऐरंमद देवमुनी हा त्याचा ऋषी. अवघ्या सहा ऋचा आहेत. सायंकाळी रानात अडकलेल्या माणसास काय काय भास होतात, ते त्यात असे सांगितले आहे की वाचताना अंगावर काटा यावा : कीटकांचा आवाज वाद्यांसारखा वाटतो, कोठे गाई चरताहेत असे वाटते, कोठे घर दिसते, गाडी करकरते, कोणी गाईस हाक मारतो, कोणी लाकूड तोडतो, आणि कोणी किंचाळले असेही वाटते. परंतु ऋषी माणसास भयात सोडून देत नाही. पुढेच तो सांगतो की अरण्यानी स्वतः कोणास मारीत नाही. दुसरा कोणी चालून आला नाही तर माणूस गोड फळे खाऊन स्वस्थ पडतो. न नांगरताही अन्न देणारी, मृगांची ती माता आहे. भयाचे वर्णन आणि भयाचा परिहार अशी ह्या सूक्ताची रचना आहे. मी ते विद्यार्थिदशेत पाठ केले होते. त्या रात्री ते आठवले नाही, ही माझ्या अध्ययनाची परीक्षाच म्हणावयाची.

अध्ययन आणि अरण्य यांचा असा वियोग होऊ न देणारा एक पुरुष आपल्या काळात होऊन गेला. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्यात त्यांनी आयुष्य वेचिले. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट ही त्यांची कर्मभूमी. परंतु संस्कृताचे परंपरागत अध्ययनही त्यांनी केले, आणि त्यातील काही आपल्या नांदेडास केले. रानातील माणसांकडून ऐकलेले आणि ग्रंथांत वाचलेले असे दोन्ही ते एकाच वहीत टिपीत. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते निवर्तले. ‘हे खोटे’ असे म्हणण्यापूर्वी ‘हे का सांगत असतील?’ असे विचारण्याची त्यांची रीत मला तीस वर्षे आधी कळती, तर तो मुलगा बाकावर उभा राहता ना.

पत्रातील भगिनींच्या सासूबाईंचा आग्या वेताळही असाच तपासून पाहावा. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजके लाकूड अंधारात हिरवट उजेड देते, हे पुष्कळांनी पाहिले आहे. तो लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचा प्रकाश असतो. पांढरी बाई कोणती, ते वर आलेच. असा उलगडा मुलास सांगितल्याने गोष्टीची गोडी जात नाही. उलट तिला दुसरा मजला चढतो.

तथापि सर्वच गोष्टी ठेवाव्या, असे माझे म्हणणे नाही. एक कसोटी सांगतो. जी गोष्ट स्थळाचे भय शिकविते, म्हणजे अमक्या डोहात उतरू नये, अमक्या माळावरून रात्री जाऊ नये असे सांगते, तिच्यात बहुधा कोणाचा तरी अनुभव पुरलेला असतो; ती ठेवावी. जी गोष्ट माणसाचे भय शिकविते, म्हणजे अमकी बाई चेटकीण आहे, अमक्या घरची दृष्ट लागते असे सांगते, ती तत्काळ टाकावी. अशा गोष्टींनी निरपराध स्त्रियांचे हाल झाले आहेत, आणि जादूटोण्याच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रास २०१३ साली कायदा करावा लागला. सासूबाईंच्या गोष्टींतील पांढऱ्या लुगड्यातील बाई गावातील कोणा विधवेचे नाव घेऊन येत नाही ना, एवढे मात्र भगिनींनी पाहावे.

आता ह्या महिन्याचा पाठ. तो घरातील मुलांकडून गच्चीवर करून घ्यावा.

पहिला पाठ ध्रुवाचा. सप्तर्षींपैकी पुलह आणि क्रतु हे दोन तारे जोडून ती रेषा क्रतूच्या पुढे त्या अंतराच्या सुमारे पाचपट नेली की ध्रुव लागतो. चैत्र-वैशाखात सप्तर्षी सायंकाळी वर असतात; मार्गशीर्षात ते खाली गेलेले असतात, तेव्हा समोरच्या बाजूस शर्मिष्ठा पाहावी. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या गावाच्या अक्षांशाएवढी असते. नांदेडास ती सुमारे १९ अंश, लातुरास किंचित कमी. हात सरळ लांब करून मूठ धरिली तर मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. म्हणजे आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठींवर. मुलांनी हे स्वतः मोजावे; एकदा मोजलेला तारा विसरत नाही.

दुसरा पाठ पाण्याचा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अध्याय आहे. त्यात जांभूळ, उंबर, अर्जुन अशी झाडे आणि त्यांच्याजवळील वारुळे यांवरून भूमिगत पाण्याचा अंदाज बांधण्याची लक्षणे दिली आहेत. ती सर्वच आज जशीच्या तशी पडताळतील असे नाही. परंतु उंबर आणि अर्जुन ओलीच्या आश्रयाने वाढतात, हे ओढ्याकाठी कोणासही दिसते. ओढा आटला असेल तर वळणाच्या बाहेरच्या काठाशी वाळूत झिरा खणावा, पहिले गढूळ पाणी उपसून टाकावे, मागून आलेले गाळून व उकळून घ्यावे.

तिसरा पाठ थांबण्याचा. वाट चुकल्याचे ध्यानात येताच बसावे. पाणी प्यावे. शेवटची ओळखीची खूण कोणती, ती आठवावी. रात्र असेल तर उजाडेपर्यंत न हलणे हेच शौर्य. जाळ करणे प्राणावर बेतले तरच. कारण एका ठिणगीने उन्हाळ्यात कोसच्या कोस रान जळते, आणि राखीव रानात विस्तव करणे हा गुन्हाही आहे. हा पाठ सर्वांत सोपा दिसतो आणि सर्वांत कठीण आहे. माझ्यासारख्या शिकलेल्यास तर विशेषच.

लातूरच्या वाचकांस वाटेल की आमच्या जिल्ह्यात रान आहेच कोठे? खरे आहे. क्षेत्रफळाच्या एक टक्काही वन तेथे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आणावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले. त्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत. परंतु जेथे रानच उरले नाही तेथे रानाच्या गोष्टी तरी उराव्या, म्हणजे नातवंडांस काय गेले हे कळेल, असे मला वाटते.

म्हणून भगिनींस माझे उत्तर असे : गोष्टी बंद करू नयेत. सासूबाईंस एवढीच विनंती करावी की प्रत्येक गोष्टीत माणूस घरी परत यावा, आणि तो कसा परत आला ते त्यांनी सांगावे. जुन्या माणसांस ते बहुधा ठाऊक असते. आपण ‘पुढे काय झाले?’ असे विचारीत नाही म्हणून ते गोष्टीत येत नाही. आणि यजमानांनी सुटीच्या दिवशी मुलास घेऊन किनवटास किंवा माहुरास यावे, एक कांडोळ शोधावा, आणि मुलाचा हात त्या पांढऱ्या सालीवर ठेवावा. घरात वीज गेली तर पुढे तो स्वयंपाकघरापर्यंत जाईल.

राहता राहिला माझा विद्यार्थी. उजाडल्यावर आम्ही नाल्याची ती कड पाहिली. खाली तीन पुरुष खोल खडक होता. सोमवारी तो शाळेत आला. मी फळ्यावर ‘चकवा’ असे लिहिले, वर्गास सारी हकीकत सांगितली, आणि दोन आठवड्यांपूर्वीचा त्याचा निबंध पुन्हा वाचला. ह्या वेळी कोणी हसले नाही. फक्त कांडोळ पाहून मी किंचाळलो, एवढे मात्र मी वगळले. पहिल्या बाकावरून तो माझ्याकडे पाहत होता. त्यानेही ते कोणास सांगितले नाही.

पुढे दोन वर्षे तो माझ्या वर्गात होता. ते ऋण आज ह्या सदरात फेडीत आहे.